सनदेचा प्रश्न

विद्या संपादन करणे निराळे आणि त्या विद्येवर उपजीविका करण्याची मुभा मिळणे निराळे. हा भेद आपल्या देशातील स्त्रियांना वकिलीच्या क्षेत्रात फार तीव्रतेने अनुभवावा लागला.

नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. परीक्षेतील यशामुळे विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. अखेर हितचिंतकांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. अशी परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. विद्यापीठाने पदवी मात्र दिली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याचा प्रघातच तेथे नव्हता. स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची व अलाहाबाद उच्च न्यायालयाची परीक्षाही दिली. तरी सनद मिळेना!

पुढे १९१६ साली रेजिना गुहा ह्यांनी कायद्याची पदवी मिळवून अलीपूरच्या न्यायालयात वकिली करण्यासाठी अर्ज केला. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो फेटाळला. अर्जदार बाई अपात्र आहेत असे कोणी म्हटले नाही. कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द होता, आणि त्या शब्दात स्त्री येत नाही, असा अर्थ लावण्यात आला. १९२१ साली सुधांशुबाला हाजरा ह्यांना पाटण्यासही हेच उत्तर मिळाले. त्याच वर्षी अलाहाबादच्या न्यायालयाने मात्र कॉर्नेलियाबाईंना सनद दिली. म्हणजे कायदा एकच, परंतु एका शहरात स्त्री ‘व्यक्ती’ ठरली आणि दुसऱ्या शहरात ठरली नाही! ही विसंगती १९२३ च्या अधिनियमाने दूर केली. त्या वेळी कॉर्नेलियाबाईंचे वय छप्पन्न वर्षांचे होते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने सरकारी नोकरीत समान संधीची ग्वाही दिली. तथापि परराष्ट्र सेवेच्या नियमांत विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नव्हता, आणि विवाहापूर्वी सरकारची अनुमती घेण्याचे बंधन स्त्री-अधिकाऱ्यावर होते. चोनिरा बेलियप्पा मुथम्मा ह्यांनी बढती डावलल्यावरून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दरम्यान त्यांना बढती मिळाली व अर्ज निकालात निघाला. परंतु १९७९ च्या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्या नियमांतील पक्षपातावर कठोर शब्दांत टीका केली.

आज ते नियम राहिलेले नाहीत. तरीही मुलाखतीस गेलेल्या मुलीला ‘लग्न झाल्यावर नोकरी करणार का?’ असे विचारले जाते, आणि तिच्या भावाला तो प्रश्न कोणी विचारीत नाही. तिच्या हातातील प्रमाणपत्रे पाहण्याआधीच हा प्रश्न येतो, तेव्हा अलीपूरचा तो फेटाळलेला अर्ज आठवावा.