पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा

आपल्या वर्गाची सातवीतली पेशवे पार्कची सहल बहुतेकांना फुलराणीमुळे आठवते. पण ज्या परिसरात आपण चिक्की खात हिंडलो, तिथे आवडता प्राणी बघायला जाण्याची रीत थेट पेशवाईपासूनची आहे. स्मरणिकेसाठी इतिहासावर चार पाने लिहायचे ठरले तेव्हा हाच विषय डोळ्यांपुढे आला. त्यात पुण्याचा इतिहास आहे आणि थोडासा आपलाही आहे.

सवाई माधवराव पेशव्यांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला. वय अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. राज्याचा कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. या मुलाला प्राण्यांचे विलक्षण वेड होते. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी प्राणिसंग्रह बाळगला होता. त्यात सिंह होता, गेंडा होता. पण त्यांचा खरा जीव होता तो हरणांवर. वाद्यांच्या तालावर नाचायला शिकवलेली हरणे त्यांच्यापाशी होती. जवळच नानासाहेबांनी बांधवलेले तळे होते. त्यातल्या बेटावर १७८४ मध्ये गणपतीचे देऊळ उभे राहिले, तेही सवाई माधवरावांच्याच काळात. पुढे तळे गेले, बाग आली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव मात्र टिकले. सारसबागेत भेळ खाताना आपण तळ्याच्या तळाशी बसलेलो असतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल?

दहा-बारा वर्षांचा मुलगा, भोवती सदैव कारभारी, मुत्सद्दी आणि सरदार. अशा मुलाला हरणांच्या कळपात का रमावेसे वाटले असेल, हे समजायला इतिहासाचे पदवीधर असण्याची गरज नाही.

१७८६ मध्ये इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात राहायला आला. त्याला चित्रांची मोठी हौस. त्याने हाताशी धरलेला पुण्याचा चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही गंगारामाने मॅलेटसाठी काढली. नोव्हेंबर १७९० मध्ये याच गंगारामाने पेशव्यांच्या संग्रहातल्या गेंड्याचे चित्र रंगवले. पेशवे तेव्हा सोळा वर्षांचे होते. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे.

या चित्राचे मोल कळायला आणखी पावणेतीनशे वर्षे मागे जावे लागते. गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा गोव्यातल्या पोर्तुगीजांकडे आला आणि जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. त्याची कीर्ती युरोपभर पसरली. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो प्राणी कधीच पाहिला नाही. कुणी धाडलेले वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने आपले प्रसिद्ध चित्र केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जादा शिंगही आहे. पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपातली माणसे हाच गेंडा खरा मानून त्याच्या नकला करत राहिली. आपल्या गंगारामाने मात्र गेंडा पाहून काढला. बघून काढणे आणि ऐकून काढणे यांत केवढे अंतर असते, हे या दोन चित्रांवरून लख्ख दिसते. आपले चित्रकलेचे सर वर्गात टेबलावर खरा तांब्या ठेवून ‘आधी बघा, मग पेन्सिल उचला’ म्हणत, ते उगीच नव्हे.

सवाई माधवरावांचा अंत २७ ऑक्टोबर १७९५ रोजी झाला. वय अवघे एकवीस. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. त्या संग्रहाच्या परिसरात पुणे महापालिकेने १९५३ मध्ये सुमारे सात एकरांवर पेशवे पार्क उभारले. १९५६ पासून तिथे फुलराणी धावू लागली. एकेकाळी पेशव्यांच्या पाहुण्यांनाच जे बघायला मिळे, ते आता पेठेतल्या कुठल्याही पोराला बघता येऊ लागले. पुण्याच्या इतिहासातला हा बदल लहान नाही.

आपली सहल निघाली ती मराठीच्या तासामुळे. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात वर्गातल्या निम्म्या वह्यांत गाय होती आणि उरलेल्यांत कुत्रा. एकाच वहीत गेंडा होता. वही कुणाची, हे लिहायला नको. स्नेहमेळाव्याला तो पहिल्या रांगेत बसलेला असेल. बाईंनी विचारले, ‘गेंडा पाहिला आहेस का रे कधी?’ तो म्हणाला, ‘नाही. पण इतिहासाच्या सरांनी सांगितलं, पेशव्यांकडे होता.’ दुसऱ्या शनिवारी बाई आणि सर दोघेही आपल्याला दोन-दोनच्या रांगेत टिळक रोडने घेऊन निघाले.

सिंह पाहिला, माकडे पाहिली, मोर पाहिले. आपला मित्र मात्र प्रत्येक कोपऱ्यात डोकावत होता. शेवटी त्याने झाडलोट करणाऱ्या एका काकांना गाठले आणि गेंडा कुठे आहे म्हणून विचारले. काकांनी खराटा थांबवला. ‘बाळा, गेंडा म्हणजे केवढं जनावर! त्याला चिखल लागतो, पाणी लागतं, गवताचं रान लागतं. त्याला फिरवायला इथे जागा कुठली आणायची?’ सर शेजारीच उभे होते. त्यांनी पर्वतीकडे बोट दाखवले आणि एवढेच म्हणाले, ‘पेशव्यांचा गेंडाही आपल्या रानापासून फार लांब आला होता.’

सोमवारी त्याने निबंध पुन्हा लिहून आणला. शेवटचे वाक्य होते: ‘माझा आवडता प्राणी पेशवे पार्कमध्ये नाही, हे त्याच्यासाठी बरे आहे.’ बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचले. आपल्यातले काही जण हसले. बाई हसल्या नाहीत.

काकांनी जे दोन वाक्यांत सांगितले, ते देशाच्या नियमांत यायला पुढे बरीच वर्षे गेली. शहराच्या मध्यावर पिंजऱ्यांच्या रांगा, ही त्या काळातल्या प्राणिसंग्रहालयांची सर्वत्र रूढ असलेली पद्धत होती. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्याला किती जागा, कसा निवारा, कोणती देखभाल मिळायला हवी, याचे निकष देशभर लागू झाले. पुण्यात कात्रजला सर्पोद्यान १९८६ मध्येच सुरू झाले होते. विषारी सापांसोबत बहात्तर तास काढणारे नीलिमकुमार खैरे त्यामागे होते. तिथेच १९९९ मध्ये सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. २००५ मध्ये पेशवे पार्कचे प्राणी तिकडे हलले. सात एकर कुठे आणि एकशे तीस एकर कुठे! तिथे जाळीऐवजी खंदक आहेत, झाडी आहे. कधी कधी वाघ दिसतच नाही आणि नातवंडे कुरकुरतात. पण न दिसण्याइतकी जागा त्या वाघाला मिळाली, हीच खरी कमाई.

पेशवे पार्क बंद झाले तेव्हा पुण्यातल्या अनेकांना चुटपुट लागली, आणि ती खोटी नव्हती. सायकलवरून, चालत, अर्ध्या तासात जाऊन सिंह बघून येणे पुढच्या पिढीला उरले नाही. ज्या घराला कात्रजपर्यंतच्या बसचे भाडे जड जाते, त्या घरातल्या पोराचे काहीतरी गेलेच. प्राण्याला जागा द्यायची तर शहरातल्या मुलाला अंतर सोसावे लागते. हा सौदा योग्यच होता असे माझे मत आहे. पण तो फुकट झाला असे कुणी म्हणू नये. म्हणूनच शाळेच्या सहली चालू राहिल्या पाहिजेत. आपल्या माजी विद्यार्थी निधीतून दरवर्षी एका वर्गाची कात्रजची बस निघाली, तर या स्मरणिकेचा खर्च सार्थकी लागला असे मी समजेन. जाण्याआधी मुलांना गंगाराम तांबटांचा गेंडा जरूर दाखवावा, आणि परत आल्यावर निबंध लिहून घ्यावा. त्यात गाय आली तरी हरकत नाही, मात्र ती बघून लिहिलेली असावी.