ऑफलाइन राहण्याचे स्वातंत्र्य

ऑफलाइन राहण्याचे स्वातंत्र्य म्हणजे इंटरनेट, स्मार्टफोन किंवा एखादे विशिष्ट ॲप न वापरताही शासकीय सेवा, बँक व्यवहार, आरोग्यसेवा व शिक्षण मिळवता येण्याची नागरिकाची मुभा होय. ही डिजिटल नागरिकत्वाचीच दुसरी बाजू आहे. डिजिटल नागरिकत्वाची शालेय मांडणी बहुधा साधनांचा वापर सुरक्षितपणे व जबाबदारीने कसा करावा, एवढ्यापुरती असते. वापर करावा की नाही, हा मूळ प्रश्न तीत क्वचितच येतो.

कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचे दूरध्वनी व ईमेल न पाहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क ही यापेक्षा वेगळी, श्रमकायद्यातील संकल्पना आहे. फ्रान्समध्ये यासंबंधीची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये या विषयावरील खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

स्वरूप

ऑफलाइन राहणारे सर्व लोक एकाच प्रकारचे नसतात. काही जण खासगीपणाच्या किंवा मनःशांतीच्या विचाराने जाणीवपूर्वक दूर राहतात. पुष्कळांना मात्र वय, दारिद्र्य, अपंगत्व, निरक्षरता किंवा गावात नेटवर्क नसणे यांमुळे दूर राहावे लागते. दुसऱ्या गटाच्या बाबतीत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द थोडा जड वाटतो. तरीही दोघांची गरज एकच असते : कागदी अर्ज, उघडी खिडकी आणि खिडकीमागे बसलेला माणूस.

भारतातील स्थिती

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. नोंदणी ऐच्छिक असल्याचे प्रारंभी सांगितले जात असे. पुढे शिधा, निवृत्तिवेतन, बँक खाते, मोबाइल जोडणी अशा अनेक गोष्टी आधारशी बांधल्या गेल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने बहुमताने आधार योजना वैध ठरवली, परंतु बँक खाते व मोबाइल क्रमांक यांची सक्तीची जोडणी रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवले. पडताळणी अयशस्वी झाली म्हणून पात्र व्यक्तीचा लाभ बुडू नये, अशी अपेक्षा बहुमताच्या निकालातही आहे. आयुष्यभर मातीकाम केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजतात आणि शिधावाटप दुकानातील यंत्र ते ओळखत नाही, ही तक्रार देशभर आढळते.

आधार कायद्यात २०१९ मध्ये ‘ऑफलाइन पडताळणी’ची तरतूद आली. तेथे ऑफलाइन म्हणजे मध्यवर्ती माहितीसाठ्याशी संपर्क न साधता केलेली पडताळणी. आधारविना राहण्याची मुभा असा तिचा अर्थ नव्हे. शब्द एकच असल्याने या दोन गोष्टींत गल्लत होते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर माहिती व छायाचित्र भरावे अशी अपेक्षा आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो शेजाऱ्याच्या फोनवर किंवा गावातील जाणत्या मुलावर अवलंबून राहतो. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेली नोंद शासकीय पातळीवर करण्याची सोय ठेवलेली आहे, आणि अशी सोय हाच ऑफलाइन राहण्याच्या स्वातंत्र्याचा व्यवहारातील अर्थ होय. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपद्वारे हजेरी सक्तीची झाली. दुर्गम भागात नेटवर्क नसल्यास केलेल्या कामाची हजेरी लागत नाही आणि मजुरी अडकते.

कोविड लसीकरणात १८ ते ४४ वयोगटासाठी प्रथम ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या धोरणावर प्रश्न उपस्थित केले. नंतर केंद्रावर थेट जाऊन लस घेण्याची मुभा मिळाली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा जीवनाच्या हक्काचा भाग मानला. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून ओळख पटवता येत नाही, हे त्या खटल्याचे कारण होते. इतर निर्देशांबरोबर कागदी पडताळणीचा पर्याय चालू ठेवण्यासही न्यायालयाने सांगितले.

अन्य देश

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा कँटनने १८ जून २०२३ च्या सार्वमतात ‘डिजिटल अखंडते’चा हक्क आपल्या संविधानात घातला. त्यात ऑफलाइन जीवनाचा स्पष्ट उल्लेख असून सुमारे ९४ टक्के मते अनुकूल पडली. स्पेनमध्ये २०२२ साली कार्लोस सान हुआन या निवृत्त डॉक्टरांनी बँकांनी वृद्धांना खिडकीवर सेवा द्यावी यासाठी मोहीम चालवली. तिला सहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या आणि बँकांना सेवेचे नवे नियम मान्य करावे लागले. डेन्मार्कमध्ये २०१४ पासून शासकीय टपाल डिजिटल स्वरूपात घेणे सक्तीचे आहे, मात्र असमर्थ नागरिकांना अर्ज करून सूट मिळते.

आक्षेप

दोन समांतर व्यवस्था चालवणे खर्चिक असते आणि कागदी व्यवहारात दलालांना वाव राहतो, असा विरोधी युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. पण ऑनलाइन अर्ज भरून देण्यासाठी पैसे घेणारा नवा मध्यस्थही गावोगावी उभा राहिला आहे. मधला मार्ग म्हणून काही साधने पुढे आली. ८ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३ पे’मुळे साध्या फोनवरून इंटरनेटविना पैसे पाठवता येतात, अर्थात त्यासाठीही फोन आणि बँक खाते लागतेच.