प्रकाशाची मलमपट्टी

जखम उघडी ठेवावी कीं झांकावी, हा वाद जुनाच आहे. तिच्यावर प्रकाशाची पट्टी बांधावी, ही गोष्ट मात्र नवी वाटते. लवचीक पट्टींत बारीक दिवे बसवून लाल किंवा डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण जखमेवर सोडणारीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांचा इतिहास आज थोडक्यांत सांगतों.

उन्हाचा गुण आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक होता. कोडावर बावचीचा लेप लावून रोग्यास उन्हांत बसविण्याची रीत आयुर्वेदांत आहे. परंतु प्रकाश औषधाप्रमाणें बेतून देण्याची विद्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनीं घडविली. त्वचेच्या क्षयानें चेहरा पोखरलेल्या रोग्यांवर त्यांनीं १८९५ सालापासून विजेच्या कमानदिव्याचे किरण भिंगांतून केंद्रित केले. कातडी भाजूं नये म्हणून ते पाण्यांतून गाळून घेतले. १८९६ सालीं कोपनहेगन येथें त्यांची प्रकाशसंस्था निघाली व १९०३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढचा टप्पा योगायोगाचा. १९६७ सालीं बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनीं लेसर किरणांनीं कर्करोग होतो काय, हें उंदरांवर पाहिलें. कर्करोग झाला नाहीं. उलट भादरलेले केस लवकर उगवले! मग त्यांनीं मंद लेसर चिघळलेल्या जखमांवर वापरला. पुढें अमेरिकेच्या नासा संस्थेनें अवकाशांत रोपें वाढविण्यास घेतलेले एलईडी दिवेही जखमांसाठीं तपासले गेले. हे दिवे लहान व थंड. त्यामुळें रोग्यानें दिव्याकडे जाण्याऐवजीं दिवाच रोग्याच्या अंगावर आला. पेशींतील तंतुकणिका हे किरण शोषून अधिक शक्ति निर्माण करतात, असें मानलें जातें. मात्र मात्रा कमी पडली तर उपाय व्यर्थ, आणि अधिक झाली तर परिणाम उलटा.

आमच्या कडावकडे भातलावणींत पाय दिवसचे दिवस चिखलांत असतात. त्यांत मधुमेहानें पायाची संवेदना गेलेली असेल, तर साधा ओरखडाही बोट कापण्यापर्यंत नेतो. अशा व्रणांवर प्रकाशाचे कांहीं लहान प्रयोग आशादायक ठरले आहेत. सर्वमान्य निर्णय मात्र व्हावयाचा आहे. शिवाय दिवा पू काढीत नाहीं, साखर उतरवीत नाहीं, कीं तुंबलेली रक्तवाहिनी उघडीत नाहीं. म्हणून जखम प्रथम डॉक्टरांस दाखवावी, स्वच्छ करवून घ्यावी, आणि त्यांनीं सांगितलें तरच ही पट्टी बांधावी. किरण कोणते, किती वेळ व किती शक्तीचे, हें जिच्यावर लिहिलेलें नाहीं, ती पट्टी केवळ जाहिरात पाहून घेऊं नये. फिन्सेन यांचें यश मोजून-मापून दिलेल्या प्रकाशाचें होतें.