दप्तर, आठवण व चलच्चित्र : पनवेलच्या बेने इस्राएलांच्या निमित्तानें

१. पनवेल येथें बेने इस्राएल समाजाचें 'बेथ एल' नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तें इ. स. १८४९ सालचें. तेथें प्रार्थना करणाऱ्यांचे पूर्वज कोंकणांत केव्हां व कसे आले, असें विचारूं जातां दोन साक्षीदार पुढें येतात : सरकारी दप्तर आणि घरांतील वृद्धांची आठवण. दोघांच्या जबान्या जुळत नाहींत. अलीकडे निबंधपट हें तिसरें साधन उपलब्ध झालें आहे. ज्या चित्रपटांत कर्ता स्वतःच्या वाणीनें विचार करीत जुनीं छायाचित्रें, कागद व मुलाखती शेजारीं शेजारीं मांडतो, त्यास हें नांव देतां येईल. या साधनाची किंमत संशोधकानें किती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. प्रथम दप्तर घेऊं. पनवेल तालुका इ. स. १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाब्यास जोडला गेला. आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा हें नांव जाऊन रायगड आलें. म्हणून जुन्या पनवेलचें वर्णन पाहणारास १८८२ च्या ठाणें गॅझेटियराकडे वळावें लागतें. कागद शोधण्यापूर्वीं तो कोणत्या रुमालांत बांधला असेल हें ठाऊक पाहिजे. शिवाय दप्तर फार मागें जात नाहीं. या समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख म्हणून सार्टोरियस या मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या लिखाणाकडे बोट दाखविलें जातें. त्यापूर्वींच्या शतकांविषयीं बोलते तें मुख्यतः आठवणच.

३. आठवण सांगते कीं, अलीबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. हायम सॅम्युअल किहीमकर यांनीं हा प्रसंग इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा धरिला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ सालीं लिहून झाला होता. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. चाळीस वर्षें समाजाचा इतिहास हस्तलिखितांत पडून होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां परीक्षा. समुद्रांतून किनाऱ्यास लागलेलीं चौदा प्रेतें परशुरामानें जिवंत केलीं, ही चित्पावनांची कथाहि प्रसिद्ध आहे. एकाच किनाऱ्यावर दोन समाजांनीं चौदा हीच संख्या सांगावी, हा योगायोग संशय उत्पन्न करतो. तसेंच डेव्हिड राहाबी नांवाच्या परस्थ ज्यूनें या लोकांस ओळखलें, अशी आख्यायिका आहे. स्त्रियांनीं खवले व पर असलेलेच मासे निवडले, यावरून त्याची खात्री पटली म्हणतात. कोणी त्यास हजार वर्षांमागें नेतात, तर कोणी तो कोचीनच्या राहाबी घराण्यांतील अठराव्या शतकांतील पुरुष मानतात. फरक सात-आठशें वर्षांचा! परंतु माशांचा विधिनिषेध मात्र दोन्ही पक्षांस मान्य आहे. यावरून आमचें मत असें कीं, आठवण काळाविषयीं कच्ची व आचाराविषयीं पक्की असते. तेल गाळणारे हे लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगांवकर हीं आडनांवें तर चालता-बोलता नकाशाच होत.

४. या दोहोंच्या मध्यें निबंधपट कसा उभा राहतो, याचें उदाहरण सादिया शेपर्ड यांच्या 'इन सर्च ऑफ द बेने इस्राएल' (२००८) या चित्रपटांत मिळतें. शेपर्डबाईंची आजी बेने इस्राएल कुळांतली. तिनें मुसलमान गृहस्थाशीं विवाह केला, फाळणीनंतर ती कराचीस गेली व पुढें अमेरिकेंत नातवंडांत राहिली. आजीस दिलेल्या वचनाप्रमाणें नात २००१ सालीं हिंदुस्थानांत आली व मुंबई-कोंकणांतील आपल्या आप्तसमाजाचें चित्रण करूं लागली. या आजीचा शोध केवळ दप्तरांतून घेणारास काय दिसेल? एका देशांत एक स्त्री, दुसऱ्या देशांत निराळ्या नांवाची व धर्माची दुसरी, तिसऱ्या देशांत तिसरी. तिघी एकच होत, हें सांगणारी साक्ष प्रथम घरांतूनच यावी लागते. हेंच या चित्रपटाचें मोल होय.

दोषहि सांगितला पाहिजे. चित्रपट कापून जोडलेला असतो. बोलणाऱ्याचें कोणतें वाक्य राहिलें व कोणतें गेलें, हें प्रेक्षकास कळत नाहीं. शिवाय कर्त्याचा जिव्हाळा पुराव्याच्या तराजूंत हात घालतो. परंतु बखरकारहि निःपक्षपाती नव्हता, आणि म्हणून आपण बखरी टाकून दिल्या नाहींत. त्या ताडून पाहिल्या.

५. कै. राजवाडे यांनीं गांवोगांवचीं घरें धुंडाळून कागद जमविले, तेव्हां प्रत्येक पत्र कोणाच्या दप्तरांतलें हें नमूद करण्याचा प्रघात रूढ झाला. तोच प्रघात बोलत्या साक्षीस लावावा. वक्ता कोण, कोणापासून ऐकिलें, कोठें व कोणत्या दिवशीं सांगितलें, एवढें टिपून संपूर्ण मुद्रण राखून ठेवावें. कापलेला चित्रपट लोकांसाठीं, न कापलेला संशोधकासाठीं.

हें काम पुढें ढकलण्याजोगें नाहीं. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें मराठी जाणणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. इकडे पनवेल तालुक्यांत विमानतळासाठीं कोंबडभुजें, वाघिवली यांसारखीं गांवें जागचीं उठलीं. गांव उठलें तरी त्याचें नांव कोणाच्या तरी आडनांवांत अथवा आठवणींत कांहीं काळ राहतें. कागद शंभर वर्षें वाट पाहूं शकतो, किहीमकरांच्या हस्तलिखितानें चाळीस पाहिली. माणूस तितकी पाहूं शकत नाहीं. पनवेल व अलीबाग या बाजूंच्या अभ्यासकांनीं आपल्या गांवांतील वृद्धांपासूनच आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.