जांभळ्यातला लाल कुठे जातो?

केकवरची जांभळी फुलं रात्रीतून निळी होतात, ही घरी केक करून विकणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. नेरुळ-खारघरच्या सोसायट्यांमध्ये आता दर दोन-तीन इमारतींमागे अशी एखादी काकू किंवा ताई सापडते. आयसिंग शुक्रवारी रात्री करून दिव्याच्या, काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा जांभळ्याचा करडा निळा झालेला. पहिला संशय रंगाच्या बाटलीवर जातो, दुसरा फ्रिजच्या थंडाव्यावर. चोर बहुतेक वेळा दिवा असतो.

जांभळा हा सहसा एक रंग नसतो. तो लाल आणि निळ्याचं मिश्रण असतो. त्यातला निळा म्हणजे ब्रिलियंट ब्लू, आणि तो प्रकाशाला बऱ्यापैकी दाद देत नाही. लाल किंवा गुलाबी म्हणून एरिथ्रोसिन वापरलं असेल तर मात्र ते उजेडात तुटत जातं. म्हणजे निळा नव्याने येत नाही, लाल निघून जातो. एरिथ्रोसिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्या जड अणूंमुळे रेणूने शोषलेली प्रकाशाची ऊर्जा आसपासच्या ऑक्सिजनला दिली जाते, आणि चेकाळलेला तो ऑक्सिजन रंगाचाच रेणू फोडतो.

मग असा कच्चा रंग खाण्याच्या यादीत आला कसा? त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

साखर रंगवणं आपल्याला नवं नाही. पाडव्याच्या गुढीला बांधायच्या गाठी पांढऱ्या असतात तशा गुलाबी-पिवळ्याही असतात, संक्रांतीचा काटेरी हलवाही रंगीत मिळतो. हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो, हे तर घरोघरी माहीत आहे. वनस्पतीचा रंग आणि ऊन यांचं जमत नाही. खनिजांचं जमतं. शेंदूर फासलेला मारुती उन्हात वर्षानुवर्षं लालभडक राहतो, कारण पारंपरिक शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड आहे. युरोपातल्या मिठाईवाल्यांनी नेमकी हीच सोय ओळखली होती. १८२० साली लंडनमध्ये फ्रेडरिक आकुम या जर्मन रसायनज्ञाने अन्नातल्या भेसळीवर पुस्तक काढलं. मुलांच्या रंगीत गोळ्यांत शिसं आणि तांब्याचे क्षार असतात, हे त्यात त्याने उघड्यावर मांडलं. ते रंग उडत नव्हते. ते खाणारी मुलं आजारी पडत होती.

१८५६ साली विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम जांभळा काढला (पुन्हा जांभळाच!), आणि पुढच्या पन्नास वर्षांत कापडासाठी शेकडो रंग बाजारात आले. त्यातले कितीतरी थेट लोणी, जेली आणि मिठाईत गेले. अमेरिकेत १९०६ साली अन्न-औषध कायदा झाला. तिथल्या सरकारने बर्नहार्ड हेसे या रसायनज्ञाला अन्नात चालणारे सुमारे ८० रंग तपासायला लावले. १९०७ च्या यादीत त्यांतले फक्त सात उरले. कसोटी एकच होती : पोटात गेल्यावर अपाय होतो का? उजेडात टिकतो का, हा प्रश्न त्या कसोटीत नव्हता, आणि माझ्या मते तेव्हा तो नसणंच रास्त होतं.

आता भारताची यादी बघा. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यापासून आजच्या अन्नसुरक्षा नियमांपर्यंत ती आक्रसत आठ कृत्रिम रंगांवर आली आहे. लाल तीन : पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे दोन : टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळे दोन : इंडिगो कारमाइन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरवा एक : फास्ट ग्रीन. या आठांतले दोन १९०७ च्या त्या सातांमध्येही होते, एरिथ्रोसिन आणि इंडिगो कारमाइन. आणि उजेडाला नेमके हेच दोघे सगळ्यांत हळवे. शंभर वर्षांत त्यांना कुणी हलवलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टींना चांगले ओळखतो. जुना कोड चालतोय ना, मग हात लावू नका.

इंडिगो कारमाइनची गंमत अशी की ती मूळची नीळ. कापडावरची नीळ चिवट, कारण ती पाण्यात विरघळतच नाही, धाग्यात जाऊन बसते. १७४० च्या दशकात जर्मनीतल्या सॅक्सनीत कुणीतरी ती गंधकाम्लात विरघळवली आणि पाण्यात मिसळणारा झळझळीत निळा मिळवला. विरघळण्याची किंमत म्हणून पक्केपणा गेला. खाण्याच्या रंगांची अडचण थोड्या शब्दांत हीच आहे. शरीरात साठू नये आणि बाहेर पडावा म्हणून पाण्यात विरघळणारा हवा, आणि विरघळलेला सुटा रेणू उजेडापुढे उघडा पडतो.

कापडाच्या बाजूला मात्र पक्केपणाचं शास्त्र होतं, आणि त्याचं एक मोठं ठाणं आपल्या मुंबईतच होतं. गिरण्यांच्या गरजेतून १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, सुरू झाला. के. वेंकटरामन १९३८ मध्ये त्याचे संचालक झाले. १९५२ साली आलेला कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कापडाचा रंग उजेडात किती टिकतो हे मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची मोजपट्टी असते. पहिली पट्टी सगळ्यांत कच्ची, आठवी सगळ्यांत पक्की. कापडाचा तुकडा आणि पट्ट्या शेजारी ठेवायच्या, अर्ध्या झाकायच्या, उजेड पाडायचा आणि कोण आधी विटतो ते बघायचं. केकच्या गुलाबाला असं कुणी लावून बघावं, अशी मला भारी इच्छा आहे.

रंग तयारही इथेच होतात. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत खाद्यरंग बनवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, आणि त्यांचा माल देशोदेशी जातो. नवी मुंबईहून पनवेल, पेण, नागोठणे करत रोहा दोन-अडीच तासांवर. आपल्या जिल्ह्यातला रंग परदेशातल्या केकवर चढत असेल, आणि तिथल्या दुकानातल्या दिव्याखाली तसाच विटत असेल.

म्हणून पक्का रंग शोधणाऱ्या बाईला मी एवढंच सांगतो की यादीबाहेर जाऊ नका. मोह मोठा असतो. बाजारात 'विषारी नाही' असं लिहिलेली चमक मिळते, पण विषारी नाही म्हणजे खाण्याजोगी असा अर्थ होत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने कॉटन कँडीवर, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांवर, बंदी घातली. तिच्यात रोडामिन बी सापडलं होतं. कापड-कागदाचा हा भडक गुलाबी रंग एरिथ्रोसिनचाच नातलग. कायद्याने चालणाऱ्या रंगांनाही मर्यादा आहे. केकसारख्या पदार्थात एका किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीचाही अंश. 'उडणारच आहे तर आधीच गडद करू' हा उपाय त्यामुळे फार ताणता येत नाही.

उरतात ते साधे उपाय. जांभळ्यातला लाल कार्मोइसिनचा घ्यावा, बाटलीवर रंगाचं नाव वाचून. गुलाबी किंचित जास्त ठेवावा. एरिथ्रोसिन असेल तर आयसिंगमध्ये लिंबू नको, कारण आंबटात तो विरघळत नाही, साका धरतो. फाँडंटची फुलं आधी करून ठेवायची असतील तर बंद डब्यात, अंधारात. खिडकीची काच किंवा अतिनील किरण न देणारा एलईडी पुरेसा नाही, कारण जो उजेड रंगाला रंग देतो तोच शोषून तो तुटतो. खोक्याला पारदर्शक झाकण नको. गिऱ्हाइकाला केक दिसावा म्हणून ते लावतात, आणि तेवढ्यानेच घात होतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनची खाण्यातली परवानगी काढून घेतली. कारण उंदरांमधल्या थायरॉइडच्या गाठी. माणसात तसं होतं असं दिसलेलं नाही, पण तिथला १९६० चा नियम प्राण्यांत कर्करोग दिसला की दुसरं काही ऐकून घेत नाही. उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे. बदली म्हणून बीट, मुळा, काळं गाजर यांचे रंग पुढे आले आहेत. बीट तर उजेड आणि उष्णता दोन्हींना कच्चं. काळ्या गाजराच्या जातीच्या रंगांना सल्फर डायऑक्साइड फिकट करतं, आणि आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक कारखान्यांत उसाचा रस त्याच वायूने स्वच्छ करून बनते. एरिथ्रोसिन निदान संध्याकाळपर्यंत तरी थांबत होतं.