विमानपंख्यांचे हिमनिवारण
गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले मेघजल विमानाच्या पंख्यावर आदळताच गोठते व पंख्याचा रेटा घटतो. १९३०–४० या दशकात तुंब्यावरील कड्यातून पात्यांवर अल्कोहॉल सोडीत. पुढे पात्यांच्या बुडाशी विजेने तापणारी रबरी आवरणे आली. बर्फ सैल होताच केंद्रोत्सारी प्रेरणेने फेकला जातो. एखादेच पाते न तापल्यास हादरे बसतात. फिरते पाते डोळ्यांनी तपासता येत नसल्याने अमीटरचा काटा हाच वैमानिकाचा आधार. प्रवाह घटल्यास तापक वा ब्रश बिघडल्याची शंका येते.

सास्तूरसह पर्जन्यच्छायेतील मराठवाड्यात २००३, २०१५ व २०१९ मध्ये लहान विमानांतून मेघबीजन झाले. पावसाळ्यात येथील गोठणपातळी सु. ५ किमी. उंचीवर असते. तिच्याखाली, मेघतळाशी, क्षार सोडताना हा धोका नसतो. वर मात्र सिल्व्हर आयोडाइडाला हवे असलेले अतिशीत जलबिंदूच पंख्यावर गोठतात.