अर्ध्या इंचाचा न्याय

केळझरला आमच्या आळीत उताराच्या शेवटच्या घरी चार म्हशी आहेत. वर चढावर एक मावशी एकट्याच राहतात. दोन्हीकडे नळ अर्ध्या इंचाचा आणि पाणीपट्टीही सारखीच. गेल्या उन्हाळ्यात मावशींनी मला वाटेत गाठले.

"मास्तर, माह्या नळाले करंगळीएवढी धार, अन् तिकडं म्हशी आंघोळ करतेत. पट्टी सारखी कशी?"

इतिहास शिकविणारा माणूस अशा वेळी काय करणार? मी पुस्तकाच्या वाटेने रोम गाठले. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने फ्राँटिनस नावाच्या मुरब्बी सेनानीस तेथील पाणीपुरवठ्यावर नेमले. त्याने दप्तरे उघडली, कालवे मोजून पाहिले, तो उगमाशी पाणी नोंदीपेक्षा पुष्कळच अधिक! खात्यातल्या माणसांनी चोरनळ्या बसवून पाणी विकल्याचे त्याने उघडकीस आणले. पण त्याचे मापही आमच्यासारखेच, नळीचे तोंड. नळी वरखाली बसविली की धार बदलते हे त्यास ठाऊक होते. वेग आकड्यात धरणे मात्र साधले नाही. त्या तफावतीतली काही चोरीची नसून मापाचीच असावी, असे आता अभ्यासक म्हणतात. बिचारे ते नळवाले!

विल्यम सीमेन्सने इंग्लंडात पाण्याचा मीटर बनविला तो १८५१ च्या सुमारास. वाहत्या पाण्याने आतले चक्र फिरते, दातेरी चाके फेरे मोजतात. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार-हजार लिटरचे, तांबडे त्याखालचे. सगळ्या तोट्या बंद असूनही चक्र फिरत राहिले, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे.

कादंबरीच्या मानधनात येण्यासारखी ती एकच वस्तू मला दिसली. नागपुराहून मीटर आणून मावशींच्या नळावर बसवून घेतला. पाण्याआधी सूं करीत हवा येते आणि तीही चक्र फिरविते. म्हणून धार लागेतो मी वही घेऊन उभा राही.

आठ दिवसांत २९६ लिटर भरले. रोजचे ३७. जलजीवन मिशनने २०१९ साली खेड्यात माणशी ५५ लिटर धरले आहेत, हे मी मोठ्या कौतुकाने मावशींना सांगितले.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "मंग माह्ये अठरा लिटर रोज कोन पेते, मास्तर?"